खिडकीजवळची जागा

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत कोलकाता येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्याआधी बोललेल्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत असे भारदस्त विषय हाताळले. त्या मानाने आमचा विषय अगदीच हवेतला आहे. विमानात खिडकीजवळ बसून खाली दिसणारी भूमी कशी पाहावी, तिची छायाचित्रे कशी घ्यावीत आणि मुळात ती पाहावीच कशाला, एवढेच आम्हांला सांगावयाचे आहे. आम्ही भूगोलाचे प्राध्यापक नव्हेत. साधे बी. ए. झालेले, बदल्यांच्या फेऱ्यांत देशभर हिंडलेले केंद्र सरकारचे नोकर आहोत. परंतु कोलकाता ते मुंबई हा हवाई प्रवास आम्ही एवढ्या वेळा केला आहे, की त्या वाटेविषयी दोन शब्द बोलण्याचा अधिकार निदान सवयीने तरी आम्हांस प्राप्त झाला असावा.

आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांना ही वाट आगगाडीची म्हणून ठाऊक आहे. नागपूरमार्गे हावडा-मुंबई हा लोहमार्ग १९०० साली सलग झाला. त्याची लांबी १९६८ किलोमीटर. १९७७ च्या डिसेंबरात, मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, याच मार्गावर गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली. टाटानगर, चक्रधरपूर, राउरकेला, बिलासपूर, रायपूर, दुर्ग, गोंदिया, नागपूर, वर्धा, अकोला, भुसावळ, मनमाड, इगतपुरी ही नावे आपल्या घरांतून रामरक्षेसारखी पाठ असत. फलाटावरील चहाची चव बदले, फेरीवाल्याची हाक बदले, आणि गोंदियाला कोणीतरी अस्सल मराठीत हमालाशी हुज्जत घालताना ऐकू आले की बायाबापड्यांच्या डोळ्यांत पाणी येई. घर जवळ येत आहे हे कानांना कळत असे.

विमानाने हे सारे पुसून टाकले. सुमारे साडेसोळाशे किलोमीटरांचे हे हवाई अंतर अडीच-पावणेतीन तासांत संपते, आणि त्या वेळात बहुतेक प्रवासी झोपतात किंवा हातातील पडद्यावर चित्रपट पाहतात. खिडकीजवळ बसलेला गृहस्थही झडप खाली ओढून घेतो. येथे जन्मलेल्या आपल्या मुलांच्या मनात कोलकाता आणि मुंबई ही जणू एकाच भिंतीच्या दोन बाजूंची दालने झाली आहेत. मधली भिंत किती रुंद आहे, तिच्यात किती नद्या, किती डोंगर, किती भाषा सामावल्या आहेत, याची त्यांना दाद नाही. दोन घरे असलेल्या माणसाला त्या दोहोंमधला रस्ता ठाऊक नसावा, ही आम्हांस फार मोठी उणीव वाटते.

आकाशातून भूमी पाहण्याची हौस आपल्याकडे विमानापेक्षा पुष्कळ जुनी आहे. कालिदासाच्या मेघदूताचे स्मरण करावे. त्यातला यक्ष हा कामात कसूर केली म्हणून वर्षभरासाठी दूर धाडलेला नोकरच होता. बदलीच्या हुकुमाने घरापासून दुरावलेल्यांनी त्याला आपला आद्य सहकारी मानावयास हरकत नाही. त्याने मेघाला वाटेतील नद्या, डोंगर आणि नगरे क्रमाने सांगितली, ती सगळी वरून दिसतील अशी. ज्या रामगिरीवरून तो बोलतो तो नागपूरजवळचा रामटेक होय, असे प्रतिपादन महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी केले. आमचे विमान नागपूरच्या आसपासून जाते तेव्हा उजव्या अंगाला रामटेकचा डोंगर शोधण्याचा आम्हांस मोह होतो. विरही माणसाला वाटेचा तपशील का आठवतो, हे तेथे बरोबर उमगते. वाट उजळली की घर जवळ आल्यासारखे वाटते.

याच भूमीचे मोजमाप करण्यासाठी एके काळी माणसांनी किती कष्ट उपसले, हेही कोलकात्यात राहणाऱ्याने विसरू नये. दमदमच्या विमानतळापासून फार दूर नसलेल्या बराकपूर ट्रंक रोडच्या कडेने जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३१-३२ मध्ये त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजली. त्या कामासाठी उभारलेले जुने मनोरे अजूनही त्या रस्त्यालगत दिसतात. मध्य भारतातील सिरोंजपासून कोलकात्यापर्यंत त्रिकोणांची साखळी आणावयास ऑलिव्हर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना १८२५ पासून सुमारे सात वर्षे लागली. जंगल तोडावे, टेकडीवर निशाण रोवावे, तापाने आजारी पडावे आणि पुन्हा उठून कोन मोजावा, असा तो उद्योग होता. आपण मात्र त्याहून लांबची वाट एका न्याहारीच्या वेळात ओलांडतो आणि वर कंटाळा आला म्हणून तक्रार करतो.

आता प्रत्यक्ष प्रवासाकडे वळू. विमानाचा मार्ग वारा, ढग आणि नियंत्रकाच्या आज्ञेप्रमाणे बदलत असतो. तेव्हा आम्ही येथे सांगतो तो सरळ रेषेच्या आसपासचा प्रदेश समजावा.

दमदमहून दक्षिणेकडे उड्डाण झाले, तर प्रथम सॉल्ट लेकची वसाहत आणि तिच्या पूर्वेस भेड्यांचे, म्हणजे मत्स्यतलावांचे, लखलखते चौकोन दिसतात. शहराचे सांडपाणी सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने शुद्ध करून त्यावर मासे आणि भाजी पिकविणारी ही पाणथळ भूमी १२,५०० हेक्टरांची असून २००२ साली तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. आपल्या ताटात येणाऱ्या रुई-कातल्याचे हे माहेर बाजारात कधी दिसत नाही, ते खिडकीतून दिसते. मग विमान पश्चिमेस वळते आणि हुगळी, तिच्यावरचे पूल, काठच्या वीटभट्ट्या मागे पडतात. रूपनारायण आणि कंसावती ओलांडल्या की बंगालची हिरवी सपाटी संपून मेदिनीपूरची तांबडी माती सुरू होते.

याच तांबड्या वाटांनी १७४२ साली भास्करराम कोल्हटकरांचे घोडदळ बंगालवर आले होते. बागबाजारात मराठा डिच लेन नावाची गल्ली आहे. त्या धास्तीने कलकत्तेकरांनी खणलेल्या खंदकाची ती खूण. अजूनही येथील आया मुलांना बर्गींच्या अंगाईने निजवितात. त्याच वाटेवरून आज आपण हातात संदेशाचा पुडा घेऊन प्रवास करतो, हा इतिहासाने आपल्यावर केलेला उपकारच म्हणावयाचा. सखाराम गणेश देउस्करांसारख्या मराठी माणसाने १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ बंगालीत लिहून ते जुने ऋण थोडेफार फेडले आहे.

सुवर्णरेखेनंतर रानाने झाकलेले डोंगर लागतात, आणि राउरकेल्याच्या पुढे डाव्या हाताला हिराकूडचे अफाट पाणी पसरलेले दिसते. १९५७ साली उद्घाटन झालेल्या या धरणाचा जलाशय सातशे चौरस किलोमीटरांहून मोठा आहे. स्वच्छ दिवशी त्याच्या काठाला फुटलेले असंख्य फाटे एखाद्या जाळीदार पानासारखे दिसतात. पुढे छत्तीसगडचा भाताचा सपाट प्रदेश, भिलाईच्या धुराड्यांच्या रेघा, आणि मग आरशाचे तुकडे उधळावेत तसे गोंदिया-भंडाऱ्याचे तलाव. त्यांतील कित्येक कोहळी समाजाने काही शतकांपूर्वी बांधलेले आहेत. हे तलाव दिसले की समजावे, मराठी मुलूख लागला. कानांना जे गोंदियाच्या फलाटावर कळत असे, ते येथे डोळ्यांना कळते.

नागपूरच्या आसपास एक मोठा बदल घडतो आणि तो मुलांना आवर्जून दाखवावा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून दख्खनचे पठार बनले, त्याची पूर्वेकडील किनार या भागात आहे. नागपूरची सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. येथून पुढे माती काळी होते, डोंगरांचे माथे सपाट होतात, उतारांवर पायऱ्या उमटतात. याच नागपुरात १९४९ साली सुरू झालेल्या रात्रीच्या टपालसेवेची विमाने मुंबई, कलकत्ता, दिल्ली आणि मद्रास येथून मध्यरात्री एकत्र येत, थैल्यांची अदलाबदल करून पहाटेपर्यंत परत जात. आपल्या वडिलांच्या पिढीने घरी लिहिलेली किती खुशालीची पत्रे त्या धावपट्टीवर एका थैलीतून दुसऱ्या थैलीत गेली असतील!

वर्ध्यानंतर डाव्या खिडकीशी बसलेल्याने जागरूक राहावे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे लोणार सरोवर सरळ रेषेपासून फार दूर नाही. उल्कापाताने कठीण काळ्या खडकात पडलेला हा खड्डा जमिनीवरून पाहताना आपण त्याच्या काठावर असतो. तो वाटोळा आहे हे वरूनच नीट पटते. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले होते. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने दाखवून दिले. त्याच वर्षी हे सरोवर रामसर यादीत गेले. म्हणजे आपल्या प्रवासाच्या दोन्ही बाजूंना रामसर स्थळे आहेत.

पुढे छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेस पैठणचा नाथसागर, शेततळ्यांचे निळे ठिपके, आणि शेवटी सह्याद्री. शेकडो किलोमीटर हळूहळू चढत आलेले पठार येथे एकाएकी तुटते आणि खाली कोकण उघडे पडते. एक गोष्ट तेथे ध्यानात येते. सह्याद्रीच्या माथ्यावरील बहुतेक पाणी हाकेच्या अंतरावरील अरबी समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेस निघते. त्र्यंबकची गोदावरी सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागरास मिळते. हुगळीही तेथेच मिळते. आपण नोकरीसाठी पूर्वेस आलो याचे आपणांस मोठे अप्रूप वाटते. आपल्या नद्या तर कितीतरी आधीपासून पूर्वेसच येत आहेत.

आता छायाचित्रांविषयी थोडे व्यावहारिक बोलू. सकाळच्या विमानाने पश्चिमेस जाताना उजवी बाजू, म्हणजे उत्तरेची, छायाचित्रास चांगली. ऊन पाठीमागून पडते आणि डोळे दिपत नाहीत. हिराकूड आणि लोणार मात्र डावीकडे राहतात, तेव्हा एका फेरीत सगळे मिळेल असा लोभ धरू नये. पंखाच्या बऱ्याच पुढची किंवा मागची जागा मागावी. इंजिनामागील गरम हवेतून घेतलेले चित्र थरथरल्यासारखे येते. भिंग काचेच्या अगदी जवळ न्यावे, पण टेकवू नये; टेकविल्यास विमानाचा कंप चित्रात उतरतो. आतील दिव्यांचे प्रतिबिंब टाळण्यासाठी शाल किंवा काळे कापड भोवती धरावे. फ्लॅश बंद ठेवावा. चष्म्यासारखी ध्रुवण-काच लावू नये, कारण खिडकीच्या प्लॅस्टिकमधून इंद्रधनुष्यी पट्टे उमटतात. पावसाळा सरल्यावर, दसरा-दिवाळीच्या सुमारास, हवा धुतलेली असते. पौषात बंगालवर धुके-धुराची चादर असते आणि वैशाखात विदर्भ धुळीने झाकतो.

दुसरी सूचना आम्ही अधिक महत्त्वाची मानतो. चित्र घेतल्याची वेळ लिहून ठेवावी. विमान मिनिटाला सुमारे तेरा-चौदा किलोमीटर जाते. उड्डाणाची वेळ आणि चित्राची वेळ यांवरून घरी नकाशा पसरून आपण कोठे होतो हे काढता येते, आणि मग नदीच्या वळणावरून किंवा तलावाच्या आकारावरून गाव निश्चित करता येते. नाव न लागलेले चित्र म्हणजे पत्ता नसलेले पाकीट. ढग असतील तर निराश होऊ नये. सूर्याच्या विरुद्ध बाजूस ढगांवर विमानाची सावली आणि तिच्याभोवती रंगीत वलय दिसते. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून दिसणारे इंद्रवज्र ते हेच.

सरकारी नोकर म्हणून नियमांची आठवण करून देणे आमचे कर्तव्य आहे. १९३७ च्या विमान नियमांतील तेराव्या नियमानुसार उडत्या विमानातून लेखी परवानगीवाचून छायाचित्र घेण्यास मनाई होती. म्हणून जुन्या अल्बमांत असली चित्रे क्वचितच आढळतात. २००४ च्या डिसेंबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने प्रवाशांना मुभा दिली, आणि २०२० मध्ये ती स्पष्ट करताना सुरक्षेस बाधा येईल किंवा गोंधळ होईल असे चित्रण चालणार नाही, असे बजावले. २०२५ च्या मे महिन्यात संरक्षण दलांच्या विमानतळांवर, विशेषतः पश्चिम सीमेकडील, चढता-उतरताना दहा हजार फुटांपर्यंत झडपा खाली ठेवण्याचा आणि चित्रण न करण्याचा आदेश निघाला. तेव्हा दर वेळी सेविकेची सूचना ऐकावी आणि ती पाळावी. देश पाहण्याच्या हौसेपेक्षा देशाची सुरक्षितता मोठी आहे.

या सगळ्याची आम्हांला गोडी का लागली, हे सांगितल्यावाचून बोलणे अपुरे राहील. आमचे गाव संगमनेरजवळ, प्रवरेच्या काठी. काही वर्षांपूर्वी वडील गेल्याचा फोन पहाटे आला आणि सकाळच्या विमानात मिळाली ती जागा खिडकीजवळची होती. तुम्हांपैकी अनेकांनी असा प्रवास केला आहे. त्या वेळी माणसाला वाचता येत नाही, बोलवत नाही. आम्ही खाली पाहत राहिलो. विमान उतरू लागले तेव्हा प्रवरेचे ते परिचित वळण दिसले आणि मागे गेले. ज्या काठावर माणसे आमच्यासाठी खोळंबली होती, त्यावरून आम्ही पुढे निघून गेलो. मुंबईस उतरून मोटारीने त्याच काठावर परत येण्यास पाच तास लागले. दूर राहण्याचा अर्थ आम्हांस त्या दिवशी पुरता समजला. पण त्यासोबत हेही समजले, की मधला प्रदेश पोकळ नाही. हुगळीपासून प्रवरेपर्यंत तो आपल्याला धरून आहे.

तेव्हापासून प्रत्येक फेरीत आम्ही त्या वळणाचे चित्र घेतो. ऐंशी ओलांडलेली आमची आई कधी विमानात बसलेली नाही. मागच्या दिवाळीत ती चित्रे तिच्यापुढे मांडली. आम्ही नकाशा आणि घड्याळ घेऊन बसलो होतो, तिने चष्मा पुसला, एका काळसर रेघेवर बोट ठेवले आणि म्हणाली, “हा आपला ओढा. याच्या पलीकडं विहीर.” नंतर नकाशाशी ताडून पाहिले. ओढा तोच होता. पन्नास वर्षे ती त्या वाटेने डोक्यावर भाकरीची पाटी घेऊन चालली होती. तिला भूमी वरून ओळखू येण्यास विमानाची गरज नव्हती.

म्हणून आमची मंडळास एक विनंती आहे. सुवर्णमहोत्सवाची आठवण म्हणून वाचनालयात एक संग्रह सुरू करावा: दमदमपासून सह्याद्रीपर्यंतच्या वाटेची छायाचित्रे. प्रत्येक कुटुंबाने निदान एक द्यावे. मागे तारीख, वेळ, विमानाची बाजू आणि ओळखलेल्या स्थळाचे नाव मराठीत व बंगालीत लिहावे. नाव मुलांनी शोधावे, आणि ते बरोबर आहे की नाही हे आजी-आजोबांनी सांगावे. ज्या आजी गावी आहेत त्यांच्याकडे चित्र पाठवावे आणि दूरध्वनीवर विचारावे. मुलांना यातून नद्यांची नावे तर कळतीलच. पण ज्या आजीशी बोलावयास सुट्टीत दोन वाक्येही सुचत नाहीत, तिला विचारण्यासारखा एक खरा प्रश्न त्यांच्यापाशी असेल. आणि त्याचे उत्तर फक्त तिलाच ठाऊक असेल.

या खर्चाला देणगीची आवश्यकता नाही. तिकीट काढताना खिडकीजवळची जागा मागावयाची आणि झडप उघडी ठेवावयाची, एवढेच.